स्मोर्स : शेकोटीभोवती सगळं घर बसवायचं तर (निखारे, लाकूड, शाकाहारी मार्शमेलो)

पारिजातक

जुलैत आम्ही व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या शेनान्डोआ नॅशनल पार्कला, बिग मेडोज कॅम्पग्राउंडला जातोय. आम्ही, मुलं, पुण्याहून आलेले सासू-सासरे आणि दिराचं कुटुंब. न्यू जर्सीहून पाच-सहा तासांचा रस्ता आहे. तंबू, अंथरुणं, काय शिजवायचं यावर इथे आधीच पुष्कळ लिहून झालंय. हा धागा फक्त रात्रीच्या स्मोर्ससाठी.

ज्यांनी केले नाहीत त्यांच्यासाठी : मार्शमेलो (साखरेचा मऊ, फुगीर गोळा) लांब काडीला टोचून विस्तवावर शेकायचा, ग्रॅहम क्रॅकरवर (गव्हाचं गोडसर बिस्किट) चॉकलेट ठेवायचं, त्यावर तो गरम मार्शमेलो, वर दुसरा क्रॅकर, दाबायचं आणि खायचं. अमेरिकेत हे जवळजवळ शंभर वर्षं चालू आहे. गर्ल स्काउट्सच्या १९२७ सालच्या पुस्तिकेत आठ जणींसाठी प्रमाण दिलेलं आहे : १६ क्रॅकर्स, ८ चॉकलेट बार, १६ मार्शमेलो. म्हणजे माणशी दोन क्रॅकर्स, एक बार, दोन मार्शमेलो. आमच्याकडे मुलांना एवढ्यावर थांबवणं कठीण असतं.

मला स्मोर्स आवडतात ते गोडासाठी नाही. कॅम्पिंगला बाकीची कामं वाटलेली असतात : तंबू कोणीतरी ठोकतं, भात कोणीतरी लावतं, आजी-आजोबांना तर आपण खुर्चीतून उठूच देत नाही. स्मोर्सच्या वेळी मात्र सहा वर्षांचं पोर आणि सत्तरीतले आजोबा शेजारी-शेजारी बसून एकच काम करतात, आणि दोघांनाही ते सारखंच जमतं किंवा सारखंच फसतं. घरी असं काम सापडत नाही.

आणि म्हणूनच जिलेटिनचा प्रश्न मला छोटा वाटत नाही. नेहमीच्या मार्शमेलोत साखर, कॉर्न सिरप आणि जिलेटिन असतं. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांतून काढतात, इथल्या मोठ्या ब्रँडमध्ये ते बहुतेक डुकराचं असतं. पाकिटावर आपल्याकडच्यासारखी हिरवी खूण नसते, घटकांची यादी वाचावी लागते. सासू-सासरे पक्के शाकाहारी आहेत. बऱ्याच घरांत तोडगा असा निघतो की मुलांना मार्शमेलो आणि आजी-आजोबांना नुसतं चॉकलेट-बिस्किट. मला तो अजिबात पटत नाही. चॉकलेट-बिस्किट घरी सोफ्यावर बसूनही खाता येतं. शेकण्याची मजा त्यांच्या वाट्याला येणार नसेल तर त्यांना इतक्या लांब नेऊन धुराकडे तोंड करून बसवायचं कशाला?

आम्ही डँडीज ब्रँडचे आणतो. शिकागोचे आहेत, जिलेटिन नाही, त्याऐवजी समुद्री शेवाळातून मिळणारं कॅरागीनन असतं. नेहमीच्या पाकिटापेक्षा महाग पडतात, पण सगळ्यांसाठी एकच पाकीट आणायचं हे मी ठरवून टाकलंय.

आता शेकण्याबद्दल. जाळावर नाही, निखाऱ्यांवर. यावर मी ठाम आहे. ओक, मेपल, हिकरी अशा कठीण लाकडाचे चांगले निखारे पडायला पाऊण ते एक तास लागतो. पाइन भसकन पेटतं, पण त्यात राळ असते, धूर आणि काजळी फार. म्हणून जेवण आटोपल्यावर शेकोटी पेटवून उपयोग नाही, ती जेवणाआधी पेटवायची. जेवण होईपर्यंत जाळ बसतो. मग लांब काठीने निखारे एका बाजूला ओढून घ्यायचे. मार्शमेलो त्यांच्यापासून वीतभर उंच धरायचा आणि सतत फिरवत राहायचं. दोन-तीन मिनिटांत बाहेरून बदामी होतो, आतून मऊ.

चॉकलेट न वितळण्याची तक्रार सगळेच करतात. आम्ही क्रॅकरवर चॉकलेट मांडून ती जोडी आधीच शेकोटीच्या लोखंडी जाळीच्या कडेला ठेवतो, थेट आचेवर नाही. मार्शमेलो येईपर्यंत चॉकलेट नरम झालेलं असतं.

तुम्ही काय करता ते लिहा. विशेषतः तीन गोष्टी हव्यात : वयस्कर माणसांना आरामात बसता येईल अशी मांडणी, तीन वर्षांच्या पुतणीला यात कसं घ्यायचं, आणि शाकाहारी मार्शमेलो जिलेटिनवाल्यासारखा ओघळत नाही त्याचं काय करायचं.

---

खमंग

छान विषय. एका मुद्द्यावर मात्र वेगळं मत आहे. एकच पाकीट हा हट्ट कशासाठी? आमची मुलं लहानपणापासून साधे मार्शमेलो खात आलीत, त्यांना तो ओघळणारा, तार सुटणारा मार्शमेलोच हवा असतो. आम्ही दोन पाकिटं नेतो. ज्याला जे चालतं ते त्याने खावं. आजीही शेकते, मुलंही शेकतात, वर्तुळ कुठे मोडत नाही.

---

पारिजातक

खमंग, दोन पाकिटांना माझी हरकत पाकिटांमुळे नाही, काड्यांमुळे आहे. अंधार पडल्यावर लोखंडी काट्यांची अदलाबदल होतेच. मुलं आजीच्या हातात आपला काटा देतात, "आजी, माझा धर जरा." जिलेटिन लागलेल्या काट्यावर शेकलेलं सासूबाई खाणार नाहीत, आणि त्या तसं बोलूनही दाखवणार नाहीत. "पोट भरलंय" म्हणतील. तसं होऊ नये म्हणून एकच पाकीट.

---

खमंग

हं. हे मान्य. "पोट भरलंय" आमच्याही घरी ऐकलेलं आहे, आणि त्यामागचं कारण आत्ता कळतंय. काट्यांना रंगीत दोरे बांधून वेगळे ठेवता येतील, पण मुलं लहान असतील तर तुमचाच मार्ग बरा.

---

भटक्या_मिशिगन

लाकडाबद्दल कोणी बोलण्याआधी मी बोलतो, कारण माझ्या राज्याने याची किंमत मोजली आहे.

घरचं लाकूड गाडीत टाकून नेऊ नका. परसातलं झाड तोडलंय, ओंडके फुकट आहेत, डिकीत जागा आहे, हे सगळं खरं असलं तरीही. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा चकचकीत भुंगेरा मूळचा पूर्व आशियातला. अमेरिकेत तो पहिल्यांदा २००२ साली डेट्रॉइटजवळ सापडला. त्याच्या अळ्या ॲश झाडाच्या सालीखाली नागमोडी बोगदे करतात, झाडाचं अन्न-पाणी तुटतं आणि काही वर्षांत झाड उभं वाळतं. उत्तर अमेरिकेतली कोट्यवधी ॲश झाडं त्याने संपवली. भुंगेरा स्वतः उडून फार लांब जात नाही. लांबचा प्रवास त्याने आपल्यासारख्या सहलीला निघालेल्या लोकांच्या गाड्यांतून, सरपणात बसून केला.

न्यू यॉर्कमध्ये तर प्रक्रिया न केलेलं सरपण ५० मैलांपलीकडे नेणं कायद्यानेच बंद आहे. शेनान्डोआतही बाहेरचं साधं लाकूड चालत नाही. उष्णता देऊन किडी मारलेलं, तसं प्रमाणपत्राचं लेबल असलेलं लाकूड चालतं, ते कॅम्पच्या दुकानात मिळतं. माझ्या लहानपणी आजोळच्या गावात आमराई होती. ती चार-पाच वर्षांत उभी वाळली असती तर कसं वाटलं असतं, असा विचार केला की गठ्ठ्याचे चार-पाच डॉलर जास्त वाटत नाहीत.

आणि मुलं आसपासच्या वाळक्या काटक्या गोळा करायला गेली तर तीन पानांची वेल ओळखायला शिकवा. पॉयझन आयव्ही. हात लावला तर अंगावर फोड येतात हे बहुतेकांना माहीत असतं, पण ती सरपणात जळाली तर तिचा धूरही छातीला आणि डोळ्यांना घातक असतो.

---

दरवळ

भटक्या_मिशिगन +१. काडी म्हणून कुठल्याही झाडाची फांदी तोडू नका हेही सांगा. कॅलिफोर्नियात रस्तोरस्ती ओलिएंडर लावलेलं आहे. ओलिएंडर म्हणजे आपली कण्हेर, मुळापासून फुलापर्यंत विषारी. गावाकडे गुरंही तिला तोंड लावत नाहीत. खाद्यपदार्थ टोचायला लोखंडी काटेच बरे, लाकडी दांड्याचे, निदान अडीच-तीन फूट लांब.

---

रसायनी

शाकाहारी मार्शमेलो का ओघळत नाही, याचं उत्तर देतो. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी हा तास मार्शमेलोवरच घेतो.

मार्शमेलो म्हणजे साखरेच्या पाकात कोंडलेली हवा. ती हवा धरून ठेवायला काहीतरी जाळं लागतं. नेहमीच्या मार्शमेलोत ते जाळं जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिनची जेली साधारण ३५ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाच्याही किंचित खाली. म्हणून तो तोंडात विरघळतो, आणि शेकताना आतली हवा गरम होऊन फुगते तेव्हा जाळं आधीच सैल पडलेलं असतं : मार्शमेलो फुगतो, मग लोंबतो. कॅरागीननच्या जेलीला वितळायला याहून बरंच जास्त तापमान लागतं. त्यामुळे डँडीज आकार धरून राहतात.

बाहेरचा बदामी रंग मात्र दोन्हींत जवळजवळ सारख्याच पद्धतीने येतो. प्रथिनं आणि काही प्रकारच्या शर्करा तापल्यावर एकमेकांशी क्रिया करतात, तिला माइयार क्रिया म्हणतात. भाकरीवर डाग पडतात, कांदा परतताना लाल होतो, त्यातही तीच आहे. जिलेटिन हे प्रथिन आहे, आणि डँडीजमध्ये सोयाचं प्रथिन घातलेलं असतं, म्हणून तेही भाजले जातात. १६० अंशांच्या वर साखर स्वतःच कॅरॅमल व्हायला लागते. त्याच्याही पुढे गेलं की उरतो तो कोळसा.

यावरून तुमच्यासाठी सल्ला : वीतभर अंतर जिलेटिनसाठी बरोबर आहे. डँडीज थोडे आणखी वर धरा आणि जास्त वेळ द्या, चार मिनिटंही लागू देत. बाहेरचा रंग येण्याआधी आतपर्यंत उष्णता पोचायला हवी. घाई केली तर साल भाजते आणि गाभा थंड राहतो. तुम्हाला "ओघळत नाही" असं वाटतं त्यात घाईचाही भाग असावा.

निखाऱ्यांचा आग्रह शास्त्रालाही धरून आहे. निखारे एकसारखी धग बाहेर टाकतात. ज्वाळ हलते, एका क्षणी मार्शमेलोला गिळते, पुढच्या क्षणी लांब जाते, आणि वर काजळी चढवते.

---

चकली

रसायनी, आमच्या शाळेत असा तास असता तर!

पारिजातक, पुतणीबद्दल लिहिते. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खा मार्शमेलो देऊ नका. मऊ असला तरी तो घशात अडकण्याचा धोका असतो, बालरोगतज्ज्ञ हे आवर्जून सांगतात. शेकलेला चिकट मार्शमेलो तर आणखी वाईट. बारीक तुकडे करून, पूर्ण गार करून, बसवून द्या. पळता-पळता नाही.

तिला काम हवं असेल तर मांडणीचं द्या. आमची धाकटी प्रत्येकाच्या ताटलीत दोन क्रॅकर आणि चॉकलेटचे तुकडे मोजून ठेवायची. हर्शीजच्या नेहमीच्या बारचे १२ तुकडे पडतात, एका स्मोरला तीन दिले की चौघांची वाटणी. "सगळ्यांना मी दिलं" याचा तिला केवढा अभिमान असायचा.

भाजण्याबद्दलही सांगून ठेवते. वितळलेली साखर कातडीला चिकटते, झटकून निघत नाही, म्हणून ती गरम पाण्यापेक्षा जास्त भाजते. भाजलंच तर लगेच गार वाहत्या पाण्याखाली धरा, १० ते २० मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको. फोड आला किंवा भाजलेला भाग मोठा असला तर डॉक्टर. शेकोटीपासून पाण्याचा नळ किती लांब आहे ते पोचल्या-पोचल्या बघून ठेवा, आणि एक भरलेली बादली जवळ असू द्या. तीच बादली शेवटी शेकोटी विझवायला लागते.

---

आजीची_शिदोरी

पुण्याहून लिहिते आहे. दोन्ही लेकी तिकडे आहेत, त्यामुळे या शेकोट्यांना मी बसले आहे. सुनेने असा विचार करावा हे वाचून फार बरं वाटलं.

आमच्या वयाच्या माणसांची बाजू सांगते. कॅम्पातल्या त्या खोलगट कापडी खुर्च्या आम्हाला सोसत नाहीत. आत रुतायला होतं आणि उठताना दोन माणसं लागतात. सरळ पाठीची, हात टेकायला दांडे असलेली घडीची खुर्ची न्या. मांडीवर शाल द्या, कारण समोर धग आणि पाठीमागे गारठा अशी अवस्था होते. त्या डोंगरावर जुलैतही रात्री गार असतं. बसायची जागा वाऱ्याची दिशा बघून द्या. वारा फिरला तर आम्हाला पटकन उठून दुसरीकडे बसता येत नाही, हे तरुण माणसांच्या लक्षात येत नाही.

सासूबाई साडी नेसत असतील तर पदर खोचून, वर सुती किंवा लोकरी स्वेटर. नायलॉनचं काही अंगावर नको, ठिणगी उडाली तर ते अंगाला चिकटतं.

आणि आम्हाला शेकायला शिकवत बसू नका हो. जन्मभर विस्तवावर पापड भाजलेत आम्ही. कधी फिरवायचं ते हाताला कळतं. माझा मार्शमेलो पहिल्याच वेळी चारी बाजूंनी सारखा झाला, तेव्हा नातवाने आपला काटा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, आता माझापण तूच कर. नंतर सगळ्यांचेच मी केले. खाल्ला मात्र एकच, फार गोड असतो. पारिजातक, सासूबाईंना तुमच्या मुलांचे शेकू देत. खाण्यापेक्षा त्यातच त्यांचा जीव रमेल, बघा.

---

पारिजातक

आजी, खुर्चीचं आणि वाऱ्याचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सरळ खुर्च्या घेतेच. पापडाचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा खुलला.

---

कृष्णाकाठ

आम्ही सांगलीकडचे, मराठी जैन. आमच्या घरची गणितं थोडी वेगळी आहेत, कोणाला उपयोग होईल म्हणून लिहितो.

पहिलं, मध. ग्रॅहम क्रॅकर्समध्ये बहुधा मध असतो, हनी मेड ब्रँडच्या तर नावातच आहे. आमच्याकडे मध चालत नाही. आम्ही पारले-जी नेतो, इंडियन स्टोअरमध्ये मिळतंच. पातळ असल्याने दाबताना मोडतं, म्हणून चॉकलेट आधी नरम करून घ्यायचं आणि हलक्या हाताने दाबायचं. चव मला तरी क्रॅकरपेक्षा सरस वाटते. दुधाची आणि भाजक्या गव्हाची चव मार्शमेलोचा गोडपणा ओढून धरते.

दुसरं, डँडीजमध्ये टॅपिओका सिरप असतं, म्हणजे ज्या कंदाचा साबुदाणा होतो त्याचं. आमच्या घरी साबुदाणा चालतो. कंदमूळ कडक पाळणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं.

तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वेळ. माझे आई-वडील सूर्यास्तानंतर काही खात नाहीत. स्मोर्स रात्रीच करायचे असा कुठे नियम आहे? जुलैच्या सुरुवातीला व्हर्जिनियात सूर्य मावळायला साडेआठ वाजून जातात. साडेसहाला शेकोटी पेटवली की साडेसातला निखारे तयार. आई-वडील उजेडात आमच्याबरोबर शेकून खातात, मग शेकोटीपाशीच गप्पा मारत बसतात. उजेडात लहान मुलांवर लक्षही नीट राहतं. बहुतेक नॅशनल पार्कांच्या कॅम्पग्राउंडमध्ये रात्री १० ला शांततेची वेळ सुरू होते, तेव्हा लवकर पेटवलेलं सगळ्याच दृष्टीने चांगलं.

---

खमंग

कृष्णाकाठ, लवकर पेटवायची कल्पना फार आवडली. आणि पारले-जीला पूर्ण पाठिंबा!

हर्शीजबद्दल कोणी बोललं नाही अजून. भारतातून नव्याने आलेल्या बऱ्याच जणांना त्याला किंचित आंबूस चव लागते. त्यात ब्युटिरिक आम्ल असतं, जे लोण्यातही असतं. इथे वाढलेल्या मुलांना तीच चव चॉकलेटची वाटते. मोठ्यांसाठी आम्ही वेगळा बार नेतो, गडद, कमी साखरेचा. मार्शमेलो इतका गोड असतो की कडवट चॉकलेटने तोल सांभाळला जातो. कोणी वर चिमूटभर मीठ टाकून बघा.

---

रसायनी

खमंग, मीठ उत्तम. एक आठवलं : ग्रॅहम क्रॅकरचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते सिल्व्हेस्टर ग्रॅहम (१७९४-१८५१) धर्मोपदेशक होते. मांस, मद्य, मसाले, पांढरा मैदा या सगळ्याला त्यांचा विरोध होता. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचा पुरस्कार त्यांनी केला, त्या पिठाला लोक ग्रॅहम फ्लोअर म्हणायला लागले. मधाचे गोड क्रॅकर्स त्यांच्या मृत्यूनंतर फार उशिरा आले. मला हे सांगावंसं वाटलं कारण सासू-सासऱ्यांना शाकाहारी स्मोर देताना तुम्ही एका शाकाहाराच्या कट्टर पुरस्कर्त्याच्या नावाचं बिस्किट त्यात वापरताय. वर्गात मुलांनाही ही गोष्ट फार आवडते.

---

कोलोरॅडोकर

सगळं छान चाललंय, पण पश्चिमेकडच्या वाचकांसाठी हे लिहिणं भाग आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात शेकोटीबंदी लागते. जंगल खात्याच्या जमिनीवर पहिल्या टप्प्याच्या बंदीत फक्त अधिकृत कॅम्पग्राउंडमधल्या कायमच्या लोखंडी किंवा काँक्रीटच्या कड्यातच शेकोटी पेटवता येते. दुसऱ्या टप्प्यात तीही नाही. निघायच्या दिवशी सकाळी तिथल्या रेंजर कार्यालयाला विचारा. आरक्षण केलं तेव्हाची माहिती धरून चालू नका.

बंदी असली तरी मुलांना निराश करायची गरज नाही. चावीने बंद करता येणाऱ्या गॅसच्या शेगडीला सहसा परवानगी असते. बारीक आचेवर मार्शमेलो शेकता येतो. किंवा पूर्ण स्मोर फॉइलमध्ये गुंडाळून तव्यावर ठेवा. शेकोटीची मजा येत नाही हे खरं, पण वणव्यात जळून गेलेले उतार मी इथे रोज बघतो, त्यामुळे या बाबतीत माझं मत पक्कं आहे.

विझवायची रीत : पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता. उलटा हात राखेजवळ नेऊन बघा, आणि मग राखेत. कोमट लागली तरी पुन्हा पाणी. वर माती लोटून निघू नका, मातीखाली निखारा तासन्‌तास धुमसत राहतो आणि वारा सुटला की वर येतो. आणि शेकोटीच्या कडेला ओढ्यातले ओले दगड मांडू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

---

दरवळ

बिग मेडोजला काळी अस्वलं आहेत हे विसरू नका. मार्शमेलोचं पाकीट, चॉकलेट, चिकट झालेले काटे, मुलांचे हात पुसलेले ओले रुमाल, टूथपेस्टसुद्धा, ज्याला वास आहे ते सगळं गाडीत किंवा कॅम्पवर दिलेल्या लोखंडी पेटीत. तंबूत काही नाही. मुलं उशाशी एखादं चॉकलेट लपवतात, झोपायच्या आधी खिसे तपासा. माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला शेवटी बहुधा मारावं लागतं. मुलांना हे कारण सांगितलं की ती स्वतःहून खिसे रिकामे करतात.

---

अलिबागकर

मी इथलाच, रायगडातला. तुमचं वाचून विचार करत होतो. आमच्याकडे थंडीत पोपटी लावतात : मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला, मडकं उपडं करून भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. मडकं उघडलं की सगळं घर भोवती. घाटावर हुरड्याची आगटी असते. तिथेही कणसं भाजणारा एक आणि हात पसरून बसलेले दहा. स्मोर्समध्ये प्रत्येकाची काडी वेगळी, हे मला नवीन आणि चांगलं वाटलं. यंदा भाच्यांसाठी पोपटीनंतर उरलेल्या विस्तवावर करून बघणार.

प्रश्न : इथे मार्शमेलो शाकाहारी मिळतात का? आणि कुठलं लाकूड?

---

दरवळ

मिळतात. तुमच्याकडे तर काम सोपं आहे, पाकिटावरची खूण बघा. हिरवा ठिपका असेल तर जिलेटिन नाही. मांसाहारी खूण पूर्वी तपकिरी ठिपका होती, आता चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो. डेअरी मिल्क आणि डायजेस्टिव किंवा पारले-जी, झालं. चॉकलेट थंडीतच बरं, मे महिन्यात ते शेकोटीपर्यंत पोचायच्या आधीच वितळेल.

---

भटक्या_मिशिगन

लाकूड बाभळीचं. निखारा दाट पडतो आणि टिकतो. तुमच्या भागात नारळाच्या करवंट्या भरपूर, त्यांचेही निखारे फार छान होतात. पोपटीचा पेंढ्याचा विस्तव लवकर निवतो, त्याच्या भरवशावर राहू नका. शेजारी करवंट्यांची छोटी शेकोटी वेगळी लावा. फक्त हे अंगणात किंवा शेतात. गडावर किंवा वाळलेल्या गवताच्या माळावर नाही.

---

पारिजातक

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आमचं ठरलं ते असं :

शेकोटी साडेसहाला, जेवण उजेडात, स्मोर्स साडेसात-आठला. लाकूड कॅम्पच्या दुकानातून, त्यासाठी संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं. मार्शमेलो एकच पाकीट, डँडीज, आणि रसायनींच्या सांगण्याप्रमाणे आणखी वर धरून हळू. क्रॅकर्स आणि पारले-जी दोन्ही. सरळ पाठीच्या दोन खुर्च्या काल मागवल्या. पुतणीकडे चॉकलेट वाटायचं खातं. बादली दिराच्या गाडीत.

कोलोरॅडोकर, तुमचं वाचून पार्कच्या पानावर शेकोटीचे सध्याचे नियम बघितले, निघायच्या दिवशी पुन्हा बघेन. गॅसची शेगडी तशीही बरोबर असतेच.

अलिबागकर, पोपटीचा वेगळा धागा काढा ना. वाल इथे मिळतात, भांबुर्ड्याच्या पाल्याऐवजी काय वापरता येईल ते त्यात विचारायचं आहे. आणि चकली, तुम्ही डँडीज कुठे स्वस्त मिळतात ते व्यनित (खासगी निरोपात) विचारलं होतं, दुकानाचं नाव पाठवलंय, बघा.